पार्टी सुटली, बॅन्जो सुटला नाही

मागच्या खेपेस याच जागी रेशनकार्डावरच्या नावांच्या घोळाबद्दल लिहिले होते. आज विषय अगदी वेगळा आहे, गाण्याबजावण्याचा. पण वाचक बंधू-भगिनींनी पान उलटू नये. शेवटी तो आपल्याच दारात येऊन पोहोचतो.

जयंतीच्या मिरवणुकीत बेंजो वाजू लागला की घरात पडून राहिलेला माणूससुद्धा उठून दारात येतो. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा, डाव्या हाताखाली टाइपरायटरसारखी बटणे आणि उजव्या हातात तार छेडायची पट्टी. हे वाद्य मूळचे आपल्याकडचे नाही. १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात मोरिता गोरो या माणसाने 'ताइशोगोतो' नावाचे वाद्य तयार केले. ते पुढे भारतात आले, त्याला कोणी 'बुलबुल तरंग' म्हटले, कोणी बेंजो. नाव मात्र घेतले भलत्याच वाद्याचे. खरा बॅन्जो अमेरिकेतला. त्याचे अंग गोल, डफासारखे कातडे ताणलेले. त्याला लांब दांडी, आणि बाजूला एक आखूड तार असते ती अंगठ्याने वाजवायची.

त्या बॅन्जोची आणि तो हातात घेऊन उभ्या राहिलेल्या एका बाईची ही हकिकत. नाव रिआनन गिडन्स. जन्म १९७७, गाव अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातले ग्रीन्सबरो. आई कृष्णवर्णीय, वडील गोरे. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत असे लग्न हा गुन्हा होता. तो कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली मोडीत काढला, म्हणजे या बाईंच्या जन्माच्या अवघी दहा वर्षे आधी. आणि ग्रीन्सबरो म्हणजे तेच गाव, जिथे १ फेब्रुवारी १९६० रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात जाऊन बसले आणि उठायला तयार झाले नाहीत. चवदार तळ्याचे पाणी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या खुर्च्यांचा अर्थ सांगायला नको.

गिडन्स यांनी एका पार्टीबरोबर नाव कमावले आणि मग एकट्याने वाट धरली. मला लिहायचे आहे ते याबद्दल. कारण 'पार्टी सोडली' हे शब्द आपल्या वस्त्यांमधून फार कडवटपणे उच्चारले जातात.

माझाच अनुभव सांगतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत एक गायन पार्टी होती. मी नुकताच बी.कॉम. झालो होतो, म्हणून खजिनदारकी माझ्या गळ्यात पडली. पेटी, ढोलकी, माइक हे सगळे घरटी वर्गणी काढून घेतलेले. आमचा मुख्य गायक गोड गळ्याचा होता. त्याला एका कॅसेटवाल्याने एकट्याला गायला बोलावले आणि तो गेला. झाले! 'पार्टी फोडली', 'समाजाच्या जिवावर मोठा झाला', 'वर्गणीची पेटी वाजवून शिकला आणि आता शेठ झाला' असे सुरू झाले. गाण्यांची वही कोणाची, यावरून तर मारामारीची वेळ आली. शेवटी बैठकीत ठराव झाला की यापुढे जयंतीला त्याला बोलावू नये. तो ठराव मीच लिहिला. अक्षर चांगले म्हणून लिहायचे काम नेहमी माझ्याकडेच. या अमेरिकन बाईंबद्दल वाचताना तो ठराव पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत राहिला.

तर आधी बॅन्जोविषयी.

पश्चिम आफ्रिकेतून माणसे पकडून, जहाजांत कोंबून अमेरिकेला नेली गेली. त्यांच्याजवळ सामानसुमान नव्हते, पण हातांना वाद्ये बनवायचे ठाऊक होते. भोपळा कापायचा, त्यावर कातडे ताणायचे, दांडी बसवायची, तारा लावायच्या. आपल्या एकतारीचा भोपळा आठवा. गुलाम म्हणून राबणाऱ्या माणसांनी वेस्ट इंडीजच्या बेटांवर आणि अमेरिकेच्या मळ्यांमध्ये हे वाद्य घडवले, तोच बॅन्जो. १७३९ साली साउथ कॅरोलायनात गुलामांनी बंड केले. त्यानंतरच्या कायद्याने त्यांच्या ढोलांवर बंदी आली. ढोल वाजला की माणसे गोळा होतात, हे मालकांनाही कळत होते.

पुढे १८३०-४० च्या सुमारास गोरे कलावंत हा बॅन्जो शिकले. १८४३ साली न्यूयॉर्कमध्ये चार गोऱ्यांची एक पार्टी रंगमंचावर आली. तोंडाला काळे फासायचे, ओठ रंगवायचे, काळ्यांच्या बोलण्याचालण्याची टवाळी करायची आणि त्यांचाच बॅन्जो वाजवून पैसे मिळवायचे. हा तमाशा पुढे अनेक दशके अमेरिकेचा सर्वांत लोकप्रिय खेळ होता. परिणाम असा झाला की बॅन्जो दिसला की काळ्या माणसाला आपली नक्कल आठवायची. हळूहळू त्यानेच तो खुंटीला टांगला. १९२० च्या दशकात तबकड्या निघू लागल्या तेव्हा कंपन्यांनी दोन खाती पाडली. काळ्यांचे संगीत एका खात्यात, डोंगराळ भागातल्या गोऱ्यांचे दुसऱ्या खात्यात, आणि बॅन्जो गोऱ्यांच्या खात्यात जमा. आम्ही कारकून लोक जाणतो, एकदा नोंद चुकीच्या खात्यात पडली की ती दुरुस्त करायला जन्म जातो. शंभर वर्षांत साऱ्या जगाची समजूत झाली की बॅन्जो म्हणजे गोऱ्या गावकऱ्याचे वाद्य. खुद्द काळ्या तरुणांचीही तीच समजूत झाली.

आपल्याकडे हलगीचे काय झाले? गावकीत ज्या हातांवर वाजवण्याची सक्ती होती त्या हातांनी स्वाभिमानापोटी ती टाकून दिली. ते योग्यच झाले. सक्तीची कला ही कला नव्हे, वेठ आहे. पण अण्णा भाऊ साठे, अमर शेख यांनी डफ हातात घेऊन मुंबईचे कामगार मैदान हलवून सोडले, तेव्हा तेच कातडे निराळे बोलले. हा विषय मोठा आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

गिडन्स शिकल्या ते ऑपेराचे गाणे. ऑपेरा म्हणजे युरोपी संगीत नाटक, त्याचे ओहायोतल्या ओबरलिन येथे रीतसर शिक्षण. २००० साली शिक्षण संपवून त्या गावाकडे परतल्या, लोकनृत्याच्या मेळ्यांना जाऊ लागल्या, आणि तिथे बॅन्जोच्या नादी लागल्या. २००५ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या बून गावी कृष्णवर्णीयांच्या बॅन्जोविषयी एक संमेलन भरले. तिथे तीन तरुण एकमेकांना भेटले. गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन. आणि भेटले एक म्हातारे फिडलवादक, जो थॉम्पसन. फिडल म्हणजे व्हायोलिनच, गावठी चालीत वाजवायचे. आपण त्यांना थॉम्पसनबाबा म्हणू.

थॉम्पसनबाबांचा जन्म १९१८ चा. म्हणजे त्या वेळी वय सत्त्याऐंशीच्या घरात. मेबेन गावच्या फर्निचरच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर नोकरी केली. घराण्यात फिडल आणि बॅन्जो पिढ्यान् पिढ्या चालत आलेले. चुलतभाऊ ओडेल बॅन्जोवर साथ करायचे, ते १९९४ साली अपघातात गेले. त्या जुन्या कृष्णवर्णीय परंपरेतले वाजवणारे बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते. हे तिघे दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊ लागले. तिथे वही नाही, सूरलेखन नाही. बाबा वाजवायचे, पोरांनी मागोमाग वाजवायचे. चुकले तर पुन्हा वाजवायचे. कोणाला त्यांनी व्याख्यान दिले नाही. कारखान्यातला कारागीर नव्या पोराला काम शिकवतो तशीच ही रीत.

तिघांनी पार्टी काढली, 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स'. पहिली तबकडी २००६ साली एका छोट्या, नफा न कमावणाऱ्या संस्थेतर्फे निघाली. कोणी मोठा कंपनीवाला पाठीशी नव्हता. शाळा, छोटे मेळे, नाचाचे कार्यक्रम, मिळेल तिथे ते वाजवीत गेले. २०१० साली 'जेन्युइन निग्रो जिग' ही तबकडी आली आणि २०११ मध्ये तिला पारंपरिक लोकसंगीताचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. या नावामागे एक गोष्ट आहे. ती चाल छापील पुस्तकात आली डॅन एमेट या गोऱ्या माणसाच्या नावावर. तोंडाला काळे फासणाऱ्या १८४३ च्या त्या चौघांपैकी हा एक. पण ती त्याने ओहायोतल्या स्नोडेन नावाच्या कृष्णवर्णीय कलावंत कुटुंबाकडून घेतली असावी, असे अभ्यासकांचे मत. म्हणून या तिघांनी चालीला 'स्नोडेनची जिग' असे नाव दिले. खाते दुरुस्त केले!

थॉम्पसनबाबा फेब्रुवारी २०१२ मध्ये वारले. आपल्या शिष्यांना पारितोषिक मिळालेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

आता फुटीचे सांगतो. आपल्याकडे पार्टी फुटते तेव्हा कोणीतरी एक खलनायक लागतोच. इथे तसे सांगता येत नाही. २०११ साली रॉबिन्सन बाहेर पडले. नवी माणसे आली, त्यांत लेयला मॅकॅला ही हैतीच्या वंशाची चेलो वाजवणारी तरुणी होती. २०१३ च्या अखेरीस फ्लेमन्सही स्वतःच्या वाटेने गेले. मूळ तिघांपैकी एकट्या गिडन्स राहिल्या. नाव पार्टीचे, पण पार्टीतली माणसे नवी. त्याच वर्षी सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये एका चित्रपटाच्या निमित्ताने लोकसंगीताचा मोठा कार्यक्रम झाला. एकाहून एक नामवंत गाणारे होते. त्यात गिडन्स एकट्या उभ्या राहिल्या आणि सभागृह त्यांनी जिंकले. कार्यक्रमाचे सूत्रधार, नावाजलेले संगीत-निर्माते टी-बोन बर्नेट यांनी त्यांना एकटीची तबकडी काढण्याविषयी विचारले.

मग कोणी कोणाला सोडले? मला वाटते, चांगली पार्टी ही शाळेसारखी असते. शाळेतून माणूस बाहेर पडतो, त्याला आपण शाळा फोडली म्हणत नाही. पुढे तो काय करतो ते पाहावे.

गिडन्स यांनी पुढे काय केले? फेब्रुवारी २०१५ मध्ये 'टुमॉरो इज माय टर्न' ही तबकडी निघाली. पहिलीच संधी, स्वतःचे नाव मोठ्या अक्षरांत. पण गाणी निवडली ती बहुतेक आधीच्या बायांची. त्यांतल्या एका बाईची ओळख आपल्या भगिनींना करून दिलीच पाहिजे. एलिझाबेथ कॉटन. जन्म १८९३ चा, नॉर्थ कॅरोलायनाच्याच. लहानपणी डाव्या हाताने गिटार शिकल्या, बारा वर्षांच्या आत स्वतः गाणे रचले. मग लग्न, संसार, लोकांच्या घरची कामे, आणि गिटार सुटली ती सुटलीच. म्हातारपणाकडे झुकल्यावर एका संगीतकार कुटुंबाकडे स्वयंपाकपाणी, घरकाम करीत होत्या. त्या घरात भिंतीला गिटार टांगलेली. बाई ती काढून वाजवीत होत्या, तेव्हा घरच्यांना पत्ता लागला की आपल्या घरी भांडी घासणारी ही बाई कोण आहे! पासष्टीला आल्यावर त्यांची पहिली तबकडी निघाली, नव्वदी पार केल्यावर ग्रॅमी मिळाले. त्यांचे एक गाणे आहे ते घरातली एकेक वस्तू गहाण टाकत जाण्याचे. कडवी रचायला पणतवंडांनी हातभार लावला होता. सावकाराच्या दाराची सवय असलेल्या माणसाला ते गाणे भाषा न कळताही कळेल. गिडन्स यांनी ते आपल्या पहिल्या तबकडीत घेतले. पार्टी सोडली, पण एकटी मात्र राहिली नाही ती बाई. आधीच्या साऱ्या बायांना बरोबर घेऊन आली.

दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०१७ मध्ये 'फ्रीडम हायवे' आली. इथे त्या स्वतःचे बोलू लागल्या. पहिलेच गाणे एका जुन्या जाहिरातीवरून सुचले. गुलामगिरीच्या काळातले वर्तमानपत्र, त्यात बावीस वर्षांची निरोगी, घरकाम आणि शेतीकाम जाणणारी कृष्णवर्णीय स्त्री विकणे आहे, असा मजकूर. शेवटी जाता जाता नोंद, की तिला नऊ महिन्यांचे मूल आहे, ते घ्यायचे की नाही हे खरेदीदाराने ठरवावे. गाईबरोबर वासरू हवे की नको, असे विचारावे तसे! गिडन्स यांनी त्या आईच्या तोंडून गाणे लिहिले. रडगाणे नाही ते. शरीर विकत घ्याल, पण आतले जे आहे ते तुमच्या हाती लागणार नाही, असा त्याचा रोख. दुसऱ्या एका गाण्यात मालकीण आणि तिची गुलाम बाई यांचा संवाद आहे. गुलामांना मुक्त करणारे सैन्य जवळ आले आहे, मालकीण म्हणते मला सोडून जाऊ नकोस, आणि मग जुने हिशेब निघतात. १९६३ साली बर्मिंगहॅमच्या चर्चमधल्या बॉम्बस्फोटात मारल्या गेलेल्या चार मुलींवरचे जुने गाणेही त्यांनी या तबकडीत पुन्हा गायले आहे.

जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ते पुस्तक अर्पण केले, हे आपल्याला पाठ आहे. पण त्या गुलामांच्या पणतवंडांची आज काय अवस्था, त्यांची मुलेबाळे काय गातात, याची विचारपूस आपण किती करतो? असो.

आता पैशाचे. माझा पिंड हिशेबाचा, त्यामुळे हा मुद्दा टाळता येत नाही. एकट्याने नाव झाले की पैसा येतो, आणि खरी परीक्षा तिथे असते. २०१६ साली बॅन्जोवादनाचे पन्नास हजार डॉलरचे एक मानाचे पारितोषिक गिडन्स यांना मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. २०१७ साली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, पाच वर्षांत मिळून सव्वासहा लाख डॉलर, कशावर खर्च करायचे याची काहीही अट नाही. एखाद्याने गुळगुळीत बाजारू गाणी काढून ते दुप्पट केले असते. याच काळात त्या एका ऑपेराच्या कामाला लागल्या. विषय होता एका गुलामाचा.

ओमर इब्न सैद हे आताच्या सेनेगल भागातले विद्वान, अरबी शिकलेले. १८०७ साली त्यांना पकडून अमेरिकेत चार्ल्सटन बंदरावर आणून विकले. मालक क्रूर निघाला, ते पळाले, पकडले गेले. तुरुंगात त्यांनी भिंतींवर अरबीत लिहायला सुरुवात केली. लोक बघायला जमले, कारण गुलामाला लिहिता येते हाच चमत्कार होता. पुढे १८३१ साली त्यांनी आपले आत्मचरित्र अरबीत लिहिले. मालकांना वाचता येणार नाही अशा लिपीत एका गुलामाने स्वतःविषयी लिहून ठेवले, आणि ते कागद आज अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवले आहेत. अक्षराची ताकद आपल्या समाजाला कोणी नव्याने सांगायला नको. गिडन्स यांनी या ओमर यांच्यावर ऑपेराचे शब्द लिहिले, संगीत मायकेल एबल्स यांच्या सोबतीने केले. २०२० सालीच तो व्हायचा, कोरोनाच्या साथीने लांबला. मे २०२२ मध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला तो चार्ल्सटनमध्येच, जिथे ओमर विकले गेले होते. २०२३ साली दोघांना त्यासाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले.

बाकीचे भराभर सांगतो. २०१९ साली इटलीचे फ्रान्चेस्को तुरीसी यांच्याबरोबर एक तबकडी काढली. हे गृहस्थ डफासारखी एकतोंडी वाद्ये वाजवतात. बॅन्जोवर डफाची थाप, कान देऊन ऐकण्यासारखी. त्याच वर्षी आणखी तीन कृष्णवर्णीय बायांना बरोबर घेऊन गुलाम स्त्रियांच्या कहाण्यांची तबकडी काढली. त्या तिघींत पूर्वीच्या पार्टीतली लेयला मॅकॅलाही होती. कोरोनाच्या काळात मुलाबाळांसह आयर्लंडमध्ये अडकून पडल्या, तिथे तुरीसींबरोबर आणखी एक तबकडी झाली, तिला २०२२ साली ग्रॅमी मिळाले. २०२३ च्या तबकडीत कालीफ ब्राउडर या मुलावर एक गाणे आहे. पाठीवरची पिशवी चोरल्याचा आळ येऊन तो सोळाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या तुरुंगात गेला, खटला न चालता सुमारे तीन वर्षे आत राहिला, त्यांतला मोठा काळ एकांतकोठडीत. सुटल्यावर दोन वर्षांनी, २०१५ मध्ये त्याने जीव दिला. खटल्याची तारीखच लागत नाही म्हणून आत सडणारी पोरे आपल्याही वस्त्यांत आहेत. २०२४ साली जगप्रसिद्ध गायिका बियॉन्से यांच्या एका गाजलेल्या गाण्याच्या आरंभी जो बॅन्जो वाजतो तो गिडन्स यांचाच. कोट्यवधी लोकांनी तो ऐकला. वाजवणारी कोण हे त्यांतल्या किती जणांनी विचारले असेल, देव जाणे, असे म्हणणारे म्हणतील. आपण म्हणू, विचारायला हवे होते.

पार्टीतले बाकीचे कुठे गेले? फ्लेमन्स यांनी २०१८ साली कृष्णवर्णीय गुराख्यांच्या गाण्यांची तबकडी काढली. सिनेमातला घोड्यावरचा काउबॉय नेहमी गोरा दाखवतात, पण खऱ्या काउबॉयांत काळे पुष्कळ होते. मॅकॅला यांनी लँग्स्टन ह्यूज या थोर कृष्णवर्णीय कवीच्या कवितांना चाली लावल्या आणि पुढे हैतीच्या गाण्यांत उतरल्या. रॉबिन्सन यांनी झाडे-वनस्पती आणि आपल्या लोकांचे जुने अन्न यांचा अभ्यास धरला. म्हणजे पाहा, एका पार्टीचे चार-पाच तुकडे झाले आणि प्रत्येक तुकड्याने थॉम्पसनबाबांच्या ओसरीवरचेच काम निराळ्या वाटेने पुढे नेले. पार्टी टिकली असती तर एवढे झाले असते का? मला खात्री नाही.

आणि एप्रिल २०२५ मध्ये गिडन्स यांनी आपल्याच राज्यातल्या डरहॅम शहरात तीन दिवसांचा मेळा भरवला. कृष्णवर्णीयांचे संगीत, नाच, खाणेपिणे, सगळे. तिथे दहा वर्षांहून अधिक काळानंतर पार्टी पुन्हा एका रंगमंचावर उभी राहिली, मूळचे तिघेही. त्याच महिन्यात रॉबिन्सन आणि गिडन्स या जोडीची नवी तबकडी आली. फक्त फिडल आणि बॅन्जो, चाली थॉम्पसनबाबांच्या परंपरेतल्या. ध्वनिमुद्रण बंद खोलीत केले नाही. बाबांच्या घरापाशी आणि अशाच जुन्या ठिकाणी उघड्यावर बसून वाजवले. झाडांवर रातकिडे किरकिरत होते, पाखरे बोलत होती, ते सगळे तसेच राहू दिले.

आमचा तो गायक अजून आहे. कॅसेटचा धंदा बसला तशी त्याची गाणीही बसली. आता तो लग्नाकार्यात गातो, आणि आवाज तसाच आहे असे ऐकतो. वर्गणीची पेटी मंडळाच्या कपाटात आहे, तिचा भाता फाटला आहे. आणि माझ्या अक्षरातला तो ठराव इतिवृत्ताच्या वहीत आहे. ठराव रद्द करायचा तर दुसरा ठराव लागतो. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो घालण्याचे पत्र मी अध्यक्षांना दिले आहे. काहींचा विरोध होणार, याची कल्पना आहे.

ज्यांच्या घरी मुलांकडे मोबाइल आहे त्यांनी मुलांना रिआनन गिडन्स हे नाव शोधून द्यायला सांगावे. सुरुवात ऑपेराने करू नये, तो जड जाईल. आधी जुन्या पार्टीची 'स्नोडेनची जिग' लावावी, तिच्यात शब्दच नाहीत. मग 'फ्रीडम हायवे' मधले पहिले गाणे. कॉलेजात जाणारी मुलगी घरात असेल तर तिला त्याचा अर्थ सांगायला बसवावे. आणि सर्वांत शेवटी ती रातकिड्यांची तबकडी, रात्री जेवणे झाल्यावर, टीव्ही बंद करून.